वड आला, श्वास धर

गच्चीवरचा पाइप तुंबला म्हणून परवा दुपारी प्लंबर आला होता. हात घालून त्यानं आधी पालापाचोळा काढला, मग एक चेंडू, मग कबुतराची पिसं, आणि मध्येच थबकला. पाइपाच्या सांध्यात वडाचं रोप होतं. वर चार पानं आणि एक तांबूस कोंब. मुळं मात्र हातभर आत शिरलेली.

"ताई, हे तुम्हीच काढा. वड हाय. मी न्हाई उपटत."

शंभर रुपये जास्त देते म्हटलं, तरी नाही. शेवटी मनातल्या मनात कुणाची तरी माफी मागत मीच ओढलं. बोटांना पांढरा चीक लागला, तो साबणानंही जाईना. रोप सध्या रंगाच्या रिकाम्या डब्यात आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वडाचं काय करतात, देव जाणे.

तशाच चिकट बोटांनी चहाचा कप धरला आणि भोसे गाव आठवलं.

मिरजेहून पंढरपूरच्या रस्त्यानं गेलेल्यांना वेगळं सांगायला नको. यल्लम्माच्या देवळाजवळचा तो वड. चारशे वर्षांचा, असं सगळे म्हणत. माझं आजोळ त्याच्या पुढं, कवठेमहांकाळच्या बाजूला. दर मे महिन्यात आजीबरोबर लाल एसटीनं जायचो. खिडकीची चौकट इतकी तापलेली असायची की कोपर टेकवता येत नसे. गाडीत घाम, डिझेल आणि कुणाच्या तरी पिशवीतल्या आंब्यांचा वास. मग एकदम गार झुळूक आत यायची, कंडक्टरचं तोंड हिरवट दिसायला लागायचं. वड आला! बाया देवळाकडं हात जोडायच्या आणि आम्ही भावंडं श्वास धरायचो. सावली सुरू झाली की धरायचा, ऊन आलं की सोडायचा. मध्येच सोडला तर आजोळी पहिला आंबा मिळणार नाही. नियम कुणी केला होता माहीत नाही, पण मोडायची कुणाची टाप नव्हती.

एकदा नेमकी सावलीतच मेंढरं आडवी आली. दोनेकशे तरी असतील. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. धनगर निवांत, मेंढरं त्याहून निवांत. भावानं केव्हाच हार मानली. मी मात्र गाल फुगवून बसले. कान तापले, डोळ्यांपुढं काजवे चमकले. आजीनं पाठीत धपाटा घातला, "मरतीस का काय गं!" श्वास सुटला. पहिला आंबा भावाला मिळाला, आणि ते मी आजीला शेवटपर्यंत ऐकवलं.

आजीची वडाबाबतची मतं ठाम होती. वटपौर्णिमेला मिरजेच्या बाजारात फांद्या विकायला यायच्या, त्या बघून ती तडकायची. "फांदीला सूत गुंडाळून सात जन्म मागायचे? ती बिचारी संध्याकाळपर्यंत सुकती." ती स्वतः चालत वडापाशी जायची. नवऱ्याशी मात्र तिचं एक दिवसही पटलं नाही.

साताऱ्याच्या मामांना आमच्या वडाचं कौतुक मुळीच नव्हतं. ते म्हसव्याच्या वडाचं पुराण लावायचे. 1882 मध्ये इंग्रजांनी त्याचा घेर मोजला, तो 1587 फूट भरला, हे त्यांना तोंडपाठ. "तुमचा वड म्हणजे आमच्या वडाची पारंबी," असं म्हणून स्वतःच हसायचे. आम्हाला राग यायचा. गाव आमचं नव्हतं, वडाखाली आम्ही कधी उतरलोही नव्हतो, तरी राग यायचा. सावली काय ती एसटीच्या खिडकीतूनच खाल्लेली.

पुढं रत्नागिरी-नागपूर महामार्ग आला. 2020 च्या त्या लॉकडाऊनमध्ये वड तोडणार म्हणून बातमी आली आणि भोशाची माणसं, झाडांवर जीव टाकणारी माणसं झाडाशी जाऊन उभी राहिली. तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी नितीन गडकरींना कळवलं आणि रस्त्याची आखणी बदलली. एका झाडासाठी महामार्ग बाजूला सरकला! मामा असते तर त्यांना फोन केला असता.

आणि 2022 च्या पावसाळ्याच्या तोंडाला वड पडला. कुणी तोडला नाही, पावसात आपणहून कोसळला. आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसात होते. "बरं," म्हटलं आणि फोन ठेवला. दुसरं काय म्हणणार?

आता त्या रस्त्यानं गाडीतून जातो तेव्हा काचा बंद असतात, एसी सुरू असतो, ऊन-सावली आत पोचत नाही. तरी यल्लम्माचं देऊळ जवळ आलं की माझा श्वास आपोआप धरला जातो. धरायचं ठिकाण पक्कं आहे, पण सोडायचा कुठं? मागच्या खेपेला पार पुढच्या गावापर्यंत ताणला.

"आई, अशी काय बघतेस? बोल की काहीतरी," लेक मागून म्हणाली.

बोलते कशी? हातानंच तिला थांब म्हटलं.