भाजक्या तिळाचं ड्रेसिंग: सातवी खेप जमली

गेल्या दीड महिन्यात तिळाचं ड्रेसिंग सात वेळा केलं. जपानमध्ये ज्याला गोमा ड्रेसिंग म्हणतात, ते. दाट, फिकट तपकिरी, बारीक चिरलेल्या कोबीवर घातलं की वाटी रिकामी होईपर्यंत हात थांबत नाही असं. ताई टोकियोला निशिकासाईत राहते, तिच्याकडे पहिल्यांदा खाल्लं आणि ती चव जिभेवरून गेलीच नाही. बाटली इथेही मिळते, पण मला ते हातानं करून समजून घ्यायचं होतं. तिळाची चटणी, तिळकूट, संक्रांतीचा तिळगूळ, भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, एवढं सगळं आमच्या घरात होतं, मग हे का जमू नये? तरी पहिल्या चार खेपा मनासारख्या झाल्या नाहीत. कुठे काय बिघडलं ते नीट लिहून ठेवते, म्हणजे कुणी करायला घेतलं तर त्यांचे तीळ वाचतील.

खेप १

डब्यात होते तेच तीळ घेतले, बिनपॉलिशचे म्हणजे सालीसकट, आईच्या माहेरून जळगावकडून आलेले. चांगले तांबूस होईपर्यंत भाजले. मग सोया सॉस, व्हिनेगर, साखर, मेयोनीज आणि लाकडी घाण्याचं तिळाचं तेल, सगळं एकदम मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात घालून फिरवलं. निघालं ते कडवट, करडं आणि पातळ. तासाभरात वर तेलाचा तवंग आला.

तेलाचं आधी सांगते, कारण ही चूक सगळ्यांची होते. आपल्याकडे घाण्यावर कच्चे तीळ गाळतात. ते तेल सोनेरी, मवाळ, फोडणीला उत्तम. जपानी, चिनी, कोरियन स्वयंपाकातलं तेल मात्र आधी तीळ भाजून मग काढलेलं असतं. रंग गडद, आणि वास इतका की थेंबभर पुरतो. कृतीत 'तिळाचं तेल १ चमचा' असं असतं, ते हे तेल. घाण्याचं तेल त्याच्या चौपट घातलं तरी तो भाजका वास येत नाही, नुसतं ओशट होतं.

खेप २

ही खेप खरं तर ड्रेसिंगची नव्हतीच, भाजण्याची होती. सगळी चव कढईतच ठरते हे तोवर लक्षात आलं होतं.

पॉलिशचे पांढरे तीळ आणले. तिळाच्या सालीत ऑक्झलेट असतं, त्याचा किंचित कडवटपणा लसूण-मिरचीच्या चटणीत खपून जातो, उलट तिथे तो हवाच. पण साखर आणि आंबट असलेल्या पातळ पदार्थात तो वेगळा होऊन जिभेवर उरतो. म्हणून चटणीला बिनपॉलिशचे आणि ड्रेसिंगला पॉलिशचे, हे माझ्यापुरतं आता पक्कं.

२०-२० ग्रॅमचे तीन भाग केले. एकच जाड बुडाची कढई, एकच मंद आच. पहिला भाग ४ मिनिटांनी उतरवला, दुसरा ६, तिसरा ८. चार मिनिटांचे तीळ गरम होते, गोड होते, पण वाटल्यावर दुधासारखा वास, भाजका नाही. आठ मिनिटांचे दिसायला सुरेख, बदामी. वाटले तर जळका कडवटपणा आला. सहा मिनिटांचे जमले, पण तेही थोडक्यात, कारण कढईतच ठेवून मी फोन घ्यायला गेले होते आणि खालच्या थराचा रंग तेवढ्यात चढला. आता आच बंद करण्याआधीच शेजारी स्टीलचं मोठं ताट तयार ठेवते आणि तीळ लगेच त्यात पसरते. कढईच्या उष्णतेनं ते पुढे भाजत राहतात, हे विसरून चालत नाही.

आई ओट्याशी उभी होती. म्हणाली, "रंगाकडे काय बघतेस? एक तीळ चिमटीत धर आणि चुरड." तीच खरी खूण. कच्चा तीळ बोटांत चपटा होतो आणि सालीला चिकटून राहतो. नीट भाजलेला तीळ कट्कन फुटतो, त्याचं पीठ होतं आणि बोटाला तेलाचा पुसटसा डाग राहतो. त्याआधी दोन-तीन तीळ तडतडून कढईबाहेर उडतात, तेव्हापासून दर अर्ध्या मिनिटाला चिमटीत धरून बघायचं. मिनिटं मोजण्यापेक्षा हे बरं. तुमची कढई, तुमचा गॅस वेगळा असणार.

एक गोष्ट याच खेपेत सापडली. तीळ धुऊन, रोवळीत निथळून, पंचावर तासभर पसरून मग किंचित ओलसर असतानाच भाजले तर ते टम्म फुगतात आणि जास्त एकसारखे भाजले जातात. वर रेतीचा कचकचाटही जातो. वेळ थोडा जास्त लागतो, एवढंच.

खेप ३ आणि ४

तिसऱ्या खेपेत भाजणं नीट होतं. तीळ वाटले, तेल सुटेपर्यंत. छान ओघळणारं वाटण झालं. त्यात एक चमचा सोया सॉस घातला आणि ढवळलं, तर ते वाटण डोळ्यांदेखत घट्ट होऊन गोळा झालं, चमच्याला चिकटून फिरायला लागलं. मला वाटलं नासलं. सैल करायला तेल घातलं, तर गोळा तसाच आणि तेल बाजूला. ती खेप अख्खी टाकून न देता भाकरीबरोबर संपवली, चटणी म्हणून चांगलीच लागली.

चौथ्या खेपेत परत तसंच झालं, पण या वेळी तेल न घालता पाणी घातलं, एकेक चमचा. पहिल्या चमच्याला काही फरक नाही. दुसऱ्याला गोळा फुटून रवाळ झाला, आणखी वाईट दिसायला लागला. तिसऱ्या चमच्यानंतर ढवळताना एकाएकी हात हलका झाला. वाटणाचा रंग पांढुरका पडला, चकाकी आली आणि ते श्रीखंडासारखं चमच्यावरून घरंगळायला लागलं. मी तीन वेळा चमचा उचलून बघितलं.

कारण असं: तिळात जवळपास निम्मं वजन तेलाचं. वाटल्यावर बारीक कण तेलात तरंगत असतात. थोडंच पाणी गेलं की कण ते पाणी शोषून एकमेकांना चिकटतात, म्हणून गोळा. पाणी पुरेसं झालं की उलट होतं, तेलाचे बारीक थेंब पाण्यात विखुरतात आणि सगळं एकजीव होतं. ताहिनी, म्हणजे अरबी पद्धतीचं तिळाचं वाटण, करणाऱ्यांना हे रोजचं असेल, मला नवं होतं. तेव्हा गोळा झाला की घाबरायचं नाही आणि तेलाला हात लावायचा नाही. पहिल्या खेपेत सगळं एकदम फिरवल्यानं हे नीट घडलंच नव्हतं, म्हणून तवंग.

खेप ५: वाटणं

ताईनं सुरिबाची पाठवली होती, ती या खेपेला काढली. मातीचा खल, आतून कंगव्यानं ओढल्यासारख्या बारीक रेघा. त्या रेघांना तीळ अडकतो आणि लाकडी बत्त्याखाली फाटतो, ठेचला जात नाही. या बत्त्याला सुरिकोगी म्हणतात, आणि तो सान्शोच्या लाकडाचा असला तर उत्तम मानतात. सान्शो म्हणजे आपल्या तिरफळाच्या कुळातलंच झाड. कोकणात बांगड्याच्या कालवणात ठेचून घालतो त्या तिरफळाचा भाऊबंद टोकियोत तिळाच्या खलात आहे, याचा मला फार आनंद झाला.

जपानीत तिळाच्या तीन अवस्थांना तीन नावं आहेत. भाजलेले ते इरिगोमा, कुटलेले ते सुरिगोमा, तेल सुटून लोण्यासारखं वाटण झालं की नेरिगोमा. आणि 'तीळ वाटणे' याचा तिथे दुसरा अर्थ खुशामत करणे, म्हणजे आपलं लोणी लावणं.

या तीन अवस्थांमुळेच माझा प्रश्न सुटला. सगळे तीळ नेरिगोमा केले तर ड्रेसिंग गुळगुळीत होतं पण वास बसका वाटतो. सगळे नुसते कुटले तर एकजीव होत नाही, पाणी खाली राहतं. आता दोन भाग मिक्सरमध्ये थांबून थांबून तेल सुटेपर्यंत फिरवते, एक भाग सुरिबाचीत जाडसर कुटून शेवटी घालते. सुरिबाची नसेल तर खलबत्त्यातही जमतं, फक्त थोडे थोडे घ्या, नाहीतर तीळ निसटतात. कूट मात्र त्याच दिवशीचं हवं. भाजलेले अख्खे तीळ बरेच दिवस नीट राहतात, कुटल्यावर वास झपाट्यानं उडतो.

खेप ६: आंबट आणि सोया

बाजारातलं पांढरं व्हिनेगर म्हणजे बहुधा पाणी घालून पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड. त्यात दुसरं काहीच नसतं, त्यामुळे ते नाकात जातं. लिंबू ताजं असताना फार छान लागतं, दुसऱ्या दिवशी मात्र चव मंदावते. तांदळाचं व्हिनेगर मवाळ असतं, किंचित गोडसर, आणि तिळाच्या आड येत नाही. एवढी एक बाटली विकत घ्यावी असं मी म्हणेन. सोया सॉसमध्येही 'डार्क' लिहिलेला नको. त्यानं रंग काळपट होतो आणि चव दडपते. साधा, पातळ, आंबवून केलेला घ्या.

खेप ७: सध्याचं प्रमाण

पॉलिशचे तीळ ६० ग्रॅम, मेयोनीज ६० ग्रॅम, सोया सॉस दीड मोठा चमचा, तांदळाचं व्हिनेगर दीड मोठा चमचा, साखर १२ ग्रॅम, भाजक्या तिळाचं तेल १ छोटा चमचा, पाणी लागेल तसं, मला २ मोठे चमचे लागलं. वेगळं मीठ नाही. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर, छोटा ५.

क्रम: वाटलेल्या तिळात आधी साखर आणि सोया. गोळा होईल. मग व्हिनेगर आणि पाणी चमच्या-चमच्यानं, पांढुरकं होऊन सैल होईपर्यंत. त्यानंतर मेयोनीज, मग जाडसर कूट, सगळ्यात शेवटी तेल. बरणीत भरून फ्रिजमध्ये रात्रभर. सकाळी घट्ट झालेलं असतं, कारण कूट पाणी पीत राहतं. चमचाभर पाणी घालून हलवलं की पूर्ववत. मी चार दिवसांत संपवते.

आईसाठी मेयोनीजऐवजी चक्का घालून वेगळी वाटी केली. चक्का आंबट, म्हणून व्हिनेगर अर्ध्याच चमच्यावर आणलं आणि स्निग्धपणासाठी एक मोठा चमचा घाण्याचं तिळाचं तेल घातलं. पहिल्या खेपेतलं ते तेल इथे अगदी चपखल बसलं. चव जपानी राहत नाही, पण मला ही वाटी मूळच्याइतकीच आवडली. आईनं ती उकडलेल्या फरसबीवर घातली. जपानमध्ये फरसबीला तीळ, सोया आणि साखर लावून खातातच, ते तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "ही तर कोशिंबीर झाली. आपण दाण्याचं कूट घालतो, त्यांनी तिळाचं घातलं." दाण्याचं कूट काकडीचं सुटलेलं पाणी धरून ठेवतं, तसंच हे. तिच्या बोलण्यावरून मी काकडीला आधी मीठ लावून, घट्ट पिळून मग ड्रेसिंग घातलं. आधी न पिळता घालायचे तेव्हा ताटात पाणी व्हायचं. आता होत नाही. कोबी मात्र बारीक चिरून १० मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवायचा आणि पूर्ण कोरडा करायचा, ओल्या पानावर ड्रेसिंग टिकत नाही.

एक विनंती: पाहुण्यांना वाढण्याआधी तीळ आहेत हे सांगा. तिळाची ॲलर्जी काहींना गंभीर असते, आणि एकजीव झालेल्या ड्रेसिंगमध्ये तीळ डोळ्यांना दिसत नाहीत.

पुढची खेप काळ्या तिळाची. तीळ सकाळीच धुतलेत, गच्चीवर पंचावर पसरलेत. काळ्यात रंग कळणारच नाही, त्यामुळे चिमटीवरच काम आहे. साखरेच्या जागी थोडा चिक्कीचा गूळ घालून बघावा असंही मनात आहे. कुणी काळ्या तिळाचं करून बघितलं असेल तर किती मिनिटं भाजले ते जरूर कळवा, मी संध्याकाळी कढई ठेवणार आहे.