तिसऱ्या घंटेनंतरची तपासणी

नाट्यगृह दिव्यांगांना वापरता येतं का, हे तपासायला लोक सहसा सकाळी जातात. प्रयोग नसतो, हॉलचे दिवे पूर्ण लावलेले असतात. टेप धरून दारं मोजायची, रॅम्पचा उतार काढायचा, फोटो घ्यायचे, झालं. महापालिकेच्या ज्या नाट्यगृहाची ही गोष्ट, त्याची अशी तपासणी आधीच झाली होती आणि कागदावर सगळं चोख होतं. रॅम्प १:१२, दारांची मोकळी रुंदी ९०० मिमी, व्हीलचेअरसाठी प्रत्येकी ९०० बाय १२०० मिमीच्या जागा. (दिव्यांगांच्या स्वच्छतागृहात झाडू-बादल्या होत्या, पण याचं नवल आता कुणालाच वाटत नाही.) आम्हाला बोलावलं होतं ते श्रवण-लूपसाठी. श्रवणयंत्र वापरणाऱ्या प्रेक्षकांची तक्रार होती : नाटक सुरू झालं की कानात भुंगा शिरतो.

लूप म्हणजे प्रेक्षागृहाच्या कडेने जमिनीतून फिरवलेली तांब्याची तार. रंगमंचावरच्या माइकचा आवाज खास अॅम्प्लिफायरमधून विद्युतप्रवाहाच्या रूपात या तारेत सोडतात. त्यातून तयार होणारं चुंबकीय क्षेत्र श्रवणयंत्रातली टी-कॉइल, म्हणजे तारेची छोटी गुंडाळी, पकडते. मधली कुजबुज, खोकले, खुर्च्यांची करकर गाळून संवाद थेट कानात येतो. आयईसी ६०११८-४ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आवाजाच्या शिखराला क्षेत्राची तीव्रता ४०० मिलिअँपिअर प्रतिमीटर हवी. त्याला शून्य डेसिबल धरलं, तर पार्श्वभूमीची गुणगुण शक्यतो उणे ४७च्या खाली असावी. मोजायचं बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, जमिनीपासून १.२ मीटरवर. जमिनीवर मीटर ठेवून घेतलेला आकडा काही कामाचा नाही.

दुपारी रिकाम्या हॉलमध्ये मीटर धरला, तर गुणगुण उणे ५०. उत्तम. अॅम्प्लिफायर ठीक, तारेचा रोधही ठीक. मग रात्रीच्या प्रयोगाची रंगीत तालीम सुरू झाली. प्रकाशयोजनेवाल्याने बाल्कनीच्या कठड्यावरचे एकेक हजार वॅटचे आठ दिवे निम्म्यावर आणले आणि मीटर थेट उणे ४वर गेला. म्हणजे भुंगा आणि संवाद जवळजवळ एकाच पातळीवर. आमच्याबरोबरच्या, स्वतः श्रवणयंत्र लावणाऱ्या तपासनीस बाईंनी लगेच हात वर करून टी-कॉइल बंद केली.

दिवे पूर्ण चढवल्यावर गुणगुण बरीच कमी झाली, निम्म्यावर आणल्यावर पुन्हा वाढली. हे लक्षण डिमरचं. थायरिस्टर डिमर विजेच्या प्रत्येक अर्ध्या लहरीचा सुरुवातीचा भाग कापून दिवा मंद करतो. निम्म्यावर हा काप लहरीच्या ऐन शिखरावर पडतो, म्हणून १५०, २५०, ३५० हर्ट्झ अशा चढत्या वारंवारितांचा कचरा तेव्हा सर्वांत जास्त निघतो. नुसता ५० हर्ट्झ असता तर कानाला एवढा जाचला नसता, हा वरचा कचरा मात्र बोलण्याच्या पट्ट्यात घुसतो.

पण डिमर तर प्रत्येक नाट्यगृहात असतात. मग इथेच एवढं का? तारेभोवती धरून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर काढला. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र क्लॅम्पमध्ये धरल्या, तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना रद्द करतो आणि आकडा शून्याजवळ यायला हवा. डाव्या भिंतीवरच्या ट्रंकिंगमधल्या (तारा नेणाऱ्या बंद पट्टीतल्या) सगळ्या तारा एकत्र धरल्यावर दिसले २५ अँपिअर!

वायरमनला विचारलं, "दादा, न्यूट्रल कुठून आणलीय?"

"समोरच्या भिंतीवरून, साहेब. तिकडे जुनी एक जाड होतीच, तीच सगळ्यांना कॉमन केली. तांबं वाचलं."

म्हणजे फेज डाव्या भिंतीने बाल्कनीपर्यंत जात होत्या आणि न्यूट्रल उजव्या भिंतीने विंगेमागच्या डिमर-खोलीत परतत होती. अख्ख्या प्रेक्षागृहाभोवती नकळत दुसरा लूप तयार झाला होता आणि खऱ्या लूपपेक्षा तो दांडगा होता.

व्यवस्थापकांना वाटत होतं, अॅम्प्लिफायरचा आवाज वाढवला की भागेल. भागत नाही, शिखर वाढवलं तर श्रवणयंत्रातला आवाज फाटतो. गळ्यात घालायचे छोटे लूप भाड्याने आणू, असंही सुचवलं गेलं. तेही टी-कॉइलवरच चालतात, त्यामुळे भुंगा तिथेही ऐकू आला असता.

त्या रात्रीपुरता उपाय प्रकाशयोजनेच्या ठेकेदाराच्या टेम्पोत होता. त्याचा फिरता डिमर पॅक थेट बाल्कनीत चढवला आणि त्याला ३२ अँपिअरच्या सॉकेटवरून ६ चौरस मिमीची तीन-कोर केबल दिली. फेज-न्यूट्रल एकाच वेष्टनात. भिंतीवरचं जुनं वायरिंग बंद. ३२ अँपिअरच्या हिशेबात बसावेत म्हणून आठाऐवजी सहाच दिवे घेतले. गुणगुण उणे ४३. मानकाच्या आदर्श आकड्यात बसत नाही, पण नाटक ऐकता येतं.

प्रयोगात आणखी एक गोष्ट उघडी पडली. पहिल्या अंकातल्या पहिल्याच ब्लॅकआउटला सांकेतिक भाषेच्या दुभाषींवरचा दिवा गेला. रंगमंचावर अंधार, पण संवाद चालू, आणि कर्णबधिर प्रेक्षकांना काहीच दिसेना. दुभाषींचा दिवा प्रकाश-कन्सोलच्या ग्रँड मास्टरखालीच, म्हणजे सगळे दिवे एकदम मंद-बंद करणाऱ्या कळीखालीच होता. मध्यंतरात तो काढून साध्या प्लगवर घेतला आणि बाजूने बंदिस्त केला, म्हणजे उजेड रंगमंचावर सांडणार नाही.

पुढे पक्की दुरुस्ती झाली : प्रत्येक सर्किटला स्वतंत्र न्यूट्रल, तीही आपापल्या फेजसोबत त्याच ट्रंकिंगमधून. नंतरची मोजणी उणे ४८, सगळे डिमर निम्म्यावर आणि एसी चालू ठेवून. निविदेत आता चाचणीची अटच तशी घातली आहे. लूपच्या तारेच्या अगदी डोक्यावर येणाऱ्या, भिंतीलगतच्या खुर्च्यांवर आवाज बसतो, हे वायरिंगने सुटणारं नाही. तिकीट खिडकीवरच्या नकाशात त्या खुर्च्यांवरची 'टी'ची खूण काढून टाकली.