दिवा चालू राहिलेली रात्र

मांजरांच्या निवारा केंद्रात पशुवैद्य म्हणून काम करताना, दत्तक गेलेल्या प्रत्येक मांजराच्या घरी पहिल्या महिन्यात मी स्वतः फोन करते. पहिला फोन तिसऱ्या दिवशी असतो आणि त्या फोनवर सर्वांत जास्त वेळा ऐकलेली तक्रार एकच आहे: दिवसभर कपाटाखाली दडून बसलेले मांजर रात्र झाली की घर डोक्यावर घेते. या तक्रारीवरची उत्तरे मला इतकी पाठ झाली होती की ढवळीच्या वेळी मी ती मांजर डोळ्यांसमोर न आणताच देऊन टाकली. त्यामुळे तिच्या आणि तिच्या पालक बाईंच्या पाच रात्री वाया गेल्या.

ढवळी चार वर्षांची, अंगावर एकही रंगीत केस नसलेली, मधाच्या रंगाच्या डोळ्यांची मादी होती. केंद्रात ती आणखी सहा मांजरांबरोबर एका मोठ्या खोलीत राहायची आणि सर्वांशी तिचे उत्तम जमले होते. तिला घेऊन जाणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत, एकट्या राहतात. ओळखीचे सगळेच त्यांना बाई म्हणतात, मीही तसेच म्हणते. शनिवारी दुपारी त्या तिला घेऊन गेल्या. आमच्या सूचनांप्रमाणे त्यांनी घरातली सर्वांत लहान खोली तिच्यासाठी मोकळी केली होती, एका कोपऱ्यात खाण्यापिण्याची भांडी आणि त्यापासून शक्य तितका दूर लिटर ट्रे, म्हणजे शी-शूसाठी वाळू घातलेला ट्रे, ठेवला होता, आणि लपायला एक खोका आडवा घालून ठेवला होता. नव्या जागी आलेल्या मांजराला एकदम सगळे घर मोकळे करून दिले तर ते बावरते. चार भिंती आधी ओळखीच्या झाल्या की दाराबाहेर पाऊल टाकायचे धैर्य त्याला आपोआप येते.

सोमवारी मी फोन केला तेव्हा बाई म्हणाल्या, "डॉक्टर, दिवसा ती माझ्या पायाशी झोपते, पण रात्री असा आवाज काढते की काळजात धस्स होते." मी नेहमीचे प्रश्न विचारले. खाते का, हा पहिला, कारण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. खात होती. लिटर ट्रे वापरत होती. नसबंदी आम्हीच केली होती, म्हणजे माजावर येण्याचा प्रश्न नव्हता. दहा-बारा वर्षांचे मांजर असते तर थायरॉइड आणि रक्तदाब तपासायला बोलावले असते, पण चार वर्षांच्या मांजरात ती शंका सहसा येत नाही. म्हणून मी ठरलेला सल्ला दिला: झोपण्यापूर्वी काठीला बांधलेले पीस नाचवून तिला दमेपर्यंत खेळवा, लगेच दिवसातले शेवटचे जेवण द्या, आणि नंतर ती कितीही रडली तरी दार उघडू नका. शिकार, खाणे, अंग चाटणे आणि झोप हा मांजराचा उपजत क्रम असल्यामुळे या सल्ल्याचा पूर्वार्ध जवळजवळ नेहमीच लागू पडतो. उत्तरार्धामागेही तर्क आहे: रडल्यावर माणूस येतो हे एकदा कळले की मांजर अधिक रडते, आणि मधूनच कधी दार उघडले तर ती सवय आणखी घट्ट होते.

"पहिल्या काही रात्री रडणे वाढेल," असे मी वर सांगून ठेवले. दुर्लक्ष करायला लागले की नाहीसे होण्यापूर्वी वर्तन एकदा उसळी घेते, हे खरेच आहे. पण याच वाक्याने मला फसवले. गुरुवारी बाईंनी रडणे वाढल्याचे कळवले तेव्हा, मी सांगितले तसेच घडत आहे, म्हणजे सर्व ठीक आहे, असे मी समजले. ज्या अंदाजात बरे होणे आणि बिघडणे दोन्ही सारखेच दिसते, त्या अंदाजावर मी विसंबून राहिले होते.

आठव्या रात्रीनंतर, रविवारी सकाळी, बाईंचा पुन्हा फोन आला. त्यांचा आवाज थकलेला होता. "तिला परत द्यायचे माझ्या मनात नाही, पण मी तिला छळते आहे असे मला वाटते," एवढेच त्या म्हणाल्या. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले.

बाईंनी माझ्यापुढे वही ठेवली. वर्गाची हजेरी मांडावी तशा त्यांनी आठ रात्री मांडल्या होत्या: दिवा मालवल्याची वेळ, पहिल्या रडण्याची वेळ, किती वेळ चालले, केव्हा थांबले. साडेदहाला दिवा बंद, दहा चाळीसला सुरुवात, असे जवळजवळ प्रत्येक ओळीत होते. फक्त सहाव्या रात्रीपुढे एक लांब आडवी रेघ होती. मी विचारले तेव्हा त्या थोड्या ओशाळून म्हणाल्या, "त्या रात्री मला राहवले नाही. तिच्याच खोलीत खुर्चीवर वाचत बसले आणि तिथेच डोळा लागला. दिवा सकाळपर्यंत चालूच राहिला." त्या रात्री ढवळी एकदाही रडली नव्हती.

बाई जवळ होत्या म्हणून ती शांत राहिली, हे सरळ उत्तर मला सुचले. पण पहिल्या दोन रात्री बाई तिच्याच खोलीत, अंधारात, जमिनीवर गादी घालून झोपल्या होत्या, आणि त्या ओळींतही रडण्याच्या वेळा लिहिलेल्या होत्या. माणूस तिथेच होते, नव्हता तो फक्त उजेड. मी वहीवरून नजर उचलून ढवळीकडे पाहिले. ती माझ्याकडे पाठ करून, सतरंजीवर वेटोळे घालून झोपली होती. झोपलेल्या मांजराचा कान कधी पूर्ण झोपत नाही. कागद चुरगळला तरी तो आवाजाच्या दिशेला वळतो. मी खुर्चीतून न हलता, जमिनीला धक्का लागू न देता आणि हवेचा झोत तिच्यापर्यंत जाणार नाही एवढ्या अंतरावरून किल्ल्यांचा जुडगा जोराने वाजवला. बाई दचकल्या. ढवळीचे दोन्ही कान, आतल्या गुलाबी शिरा दिसतील इतक्या पातळ कातडीचे, जसे होते तसेच राहिले. मी पुन्हा वाजवला. मग टाचेने जमिनीवर हलकेच एक ठोका दिला, त्याबरोबर तिने झटकन मान वर करून माझ्याकडे पाहिले.

ती बहिरी होती. पूर्ण पांढऱ्या मांजरांत जन्मजात बहिरेपण येते, कारण ज्या जनुकामुळे अंगावरचा रंग जातो त्याच जनुकामुळे रंगपेशी आतल्या कानातही पोहोचत नाहीत, आणि त्यांच्यावाचून ऐकण्याच्या पेशी जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत झिजून जातात. दोन्ही डोळे निळे असतील तर हे प्रमाण ६५ ते ८५ टक्क्यांपर्यंत जाते. निळ्या डोळ्यांची मांजरे बहिरी असतात हे डार्विनने १८५९ सालीच लिहून ठेवले आहे. ढवळीचे डोळे मधाच्या रंगाचे होते म्हणून मला शंका आली नाही, पण निळे डोळे नसलेल्या पांढऱ्या मांजरांतही बहिरेपण असते, फक्त कमी प्रमाणात, हे मला माहीत असायलाच हवे होते, आणि माहीत होतेही. ती केंद्रात आली तेव्हा मी तिच्या कानांत उपकरणाने डोकावून किडे आणि मळ पाहिला होता. तिला ऐकू येते का, हे मात्र पाहिले नव्हते. सहा मांजरे ताटल्यांच्या आवाजाने धावली की ढवळी त्यांना बघून धावायची, त्यामुळे इतर कोणाच्याही ते लक्षात आले नाही.

वहीतल्या ओळींचा अर्थ आता लागला. ऐकू येणाऱ्या मांजराला दिवा मालवल्यावरही घर कळत राहते: पलीकडचा श्वास, कुशीवर वळल्याची सळसळ, पावलांचा आवाज. ढवळीपुरते दिवा मालवला की सगळे घर नाहीसे होत होते. आमच्या खोलीत तिच्या अंगाला अंग लावून झोपणारी मांजरे होती. इथे तीही नव्हती. आणि स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे तिची हाक भयंकर मोठी निघायची. अशा हाकेकडे दुर्लक्ष करायला मी सांगितले होते. मी बाईंची माफी मागितली. त्या ढवळीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी इतके दिवस तिला नावाने हाका मारत होते, ते तिला कळतच नव्हते."

त्याच रात्रीपासून आम्ही मांडणी बदलली. तिचे अंथरूण बाईंच्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी आले. खोलीत एक मंद दिवा रात्रभर लावायचा ठरला. मांजराला आपल्यापेक्षा साधारण सहापट कमी उजेडात दिसते, त्यामुळे अगदी मिणमिणता दिवाही पुरतो. अंथरुणात बाईंची वापरलेली, न धुतलेली शाल घातली. तिला उठवायचे असेल तर अंगाला हात न लावता आधी अंथरुणाची कड दाबायची, कारण झोपेत अचानक झालेल्या स्पर्शाने बहिरे मांजर घाबरून ओरबाडू शकते. जेवणाची हाक म्हणून मोठा दिवा दोनदा उघडझाप करायचा. संध्याकाळचा खेळ आणि त्यानंतरचे जेवण तसेच ठेवले. तिला एकटीला बाहेर कधीच सोडायचे नाही, हे मी दोनदा बजावले.

पहिल्या रात्री ती तीन वाजता एकदा रडली, बाईंनी पलंगावरून हात खाली सोडून अंथरुणाची कड दाबली, आणि ती गप्प झाली. वहीतल्या वेळा त्यानंतर विरळ होत गेल्या. महिन्याच्या फोनपर्यंत वहीत लिहिण्यासारखे काही उरले नव्हते. यंत्राने करायची श्रवणचाचणी आम्ही केली नाही, कारण तिचा निकाल काहीही आला असता तरी आम्ही करत होतो त्यात फरक पडणार नव्हता. केंद्राच्या तपासणीच्या कागदावर मात्र कानांच्या रकान्याखाली "ऐकू येते का" अशी ओळ मी स्वतः घातली आहे, आणि पांढरे मांजर आले की सोबतच्या मांजरांपासून वेगळे नेऊन किल्ल्यांची चाचणी करायची, असा नियम केला आहे.

बाईंचा फोन परवा पुन्हा आला होता. ढवळी आता पहाटे साडेचारला उठून त्यांच्या उशीवर येते आणि चेहऱ्यासमोर बसून राहते. पहाट आणि तिन्हीसांज या मांजराच्या शिकारीच्या वेळा असल्यामुळे हे बहुतेक सर्वच मांजरे करतात. वेळ लावून उघडणारे भांडे ठेवून पाहा, म्हणजे जेवण आणि तुमचे उठणे यांचा संबंध तिच्या मनात तुटेल, असे मी सुचवले. बाई म्हणाल्या, "पाहते. पण सध्या मी डोळे उघडून तिच्याकडे बघत हळूच मिटते, तीही मिटते, आणि मग दोघीही थोडा वेळ पुन्हा झोपतो."