लेफ्ट: 4

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला क्वेरी शीटमध्ये, म्हणजे अनुवादकांच्या शंकांच्या तक्त्यात, एक ओळ आली. "लेफ्ट म्हणजे काय लेफ्ट?" विचारणाऱ्या होत्या लिथुआनियातल्या कौनस शहरातल्या आमच्या अनुवादक बाई. तिकडे तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. रात्री नऊला 14 भाषांच्या फाइली क्लायंटकडे जायच्या होत्या. मी एका शब्दात उत्तर लिहिलं, "डोळा", आणि क्वेरी बंद केली.

त्याला तीन आठवडे झाले. ते उत्तर अजून डोक्यातून जात नाही.

मी पुण्यात लोकलायझेशनचं, म्हणजे ॲपमधला मजकूर वेगवेगळ्या भाषांत आणण्याचं, काम करते. त्या फाइली ज्या ॲपच्या होत्या, ते मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांत थेंब कधी घालायचे याची आठवण करून देतं. ज्यांच्या घरी असं ऑपरेशन झालंय त्यांना ही कसरत माहीत असेल. एक औषध आधी दिवसातून चार वेळा, मग डॉक्टर सांगतील तसं तीन, दोन, एक. त्यात कधी दुसऱ्या डोळ्यात काचबिंदूचे थेंब आधीपासून चालू असतात. आईच्या वेळी आम्ही फ्रिजवर तक्ता चिकटवला होता, तरी एकदा बाटल्यांची अदलाबदल झालीच. त्यामुळे हे काम मी मनापासून घेतलं होतं.

शब्दसूची तर आम्ही फार काळजीने केली होती. एका इंग्रजी शब्दाचे दोन-तीन अर्थ असले की लिथुआनियनमध्ये प्रत्येकाला वेगळा शब्द लागतो, आणि डोळ्यांच्या विषयात असे शब्द पावलोपावली. सोल्यूशन हे औषधाचं द्रावण असेल तर 'तिर्पालस', अडचणीवरचा तोडगा असेल तर 'स्प्रेन्दिमस'. प्यूपिल म्हणजे डोळ्यातली बाहुली 'वीझ्दीस', शाळेतला विद्यार्थी 'मोकिनीस'. डिस्चार्ज म्हणजे डोळ्यातून येणारी घाण 'इश्कीरोस', पण दवाखान्यातून घरी सोडणं 'इश्राशीमस'. आमच्या ॲपमध्ये हे दोन्ही होते. अप्लाय हे बटण असेल तर 'ताइकीती', मलम लावायचं असेल तर 'तेप्ती'. लेन्सच्या बाबतीत मात्र उलटा प्रकार: मसूर आणि भिंग, दोन्हींना 'लेशिस'. अशा 60-65 शब्दांवर बाईंनी आणि मी दोन आठवडे घालवले. त्या सूचीचा मला आजही अभिमान आहे.

त्या सूचीत लेफ्ट नव्हता. वैद्यकीय वाटणाऱ्या शब्दांवर आम्ही पहारा बसवला आणि हा चार अक्षरांचा शब्द सगळ्यांच्या नाकाखालून निघून गेला.

बाईंनी प्रश्न विचारला तो मुळात व्याकरणापोटी. लिथुआनियनमध्ये नामांची दोनच लिंगं. डावी वस्तू पुल्लिंगी असेल तर 'काइरीस', स्त्रीलिंगी असेल तर 'काइरे'. डोळ्याला 'आकिस' म्हणतात आणि तो स्त्रीलिंगी. (आकिस आणि आपलं संस्कृत अक्षि ही सख्खी भावंडं. उजव्याला 'देशिने' म्हणतात, तेही थेट दक्षिणचं भावंड. बाईंनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला काय आनंद झाला होता!) म्हणजे माझं "डोळा" हे उत्तर त्यांना पुरायला हवं होतं.

दहा मिनिटांनी त्यांनी क्वेरी पुन्हा उघडली. "डोळे दोन आहेत. मग राइटच्या वर संदर्भाची एक ओळ आणि लेफ्टच्या वर दोन, असं का?"

हे जरा सविस्तर सांगायला हवं. आमच्याकडे अनुवादासाठी मजकूर पीओ नावाच्या फाइलमध्ये येतो. तिच्यात एकसारखे दिसणारे इंग्रजी शब्द एकदाच येतात. तो शब्द ॲपमध्ये कुठे कुठे वापरलाय त्याच्या ओळी वर बारीक अक्षरात असतात: फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक. अर्थ वेगळे असतील तर डेव्हलपरने संदर्भाची खूण घालून नोंदी वेगळ्या ठेवायच्या असतात, तशी सोय फाइलमध्ये आहे. ती वापरायला मिनिटभरही लागत नाही आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक फाइलींमध्ये ती वापरलेली नसते. त्या बारीक ओळी कुणी वाचत नाही. अनुवादकाला शब्दामागे पैसे मिळतात. एका शब्दाच्या नोंदीवर अर्धा तास घालवला तरी मोबदला एकाच शब्दाचा. हा दर ठरवणाऱ्यांना अनुवाद म्हणजे काय हे कळलेलंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. बाईंनी त्या ओळी वाचल्या, मोजल्या, आणि दोन्हीकडच्या मोजणीत फरक का हे विचारलं.

खरं सांगायचं तर तेव्हा मी वैतागले होते. क्लायंटने स्क्रीनशॉट दिलेच नव्हते. शेवटी चाचणीचं ॲप फोनवर टाकलं, भाषा लिथुआनियन केली, खोटा रुग्ण तयार केला, उजव्या डोळ्याचं औषध घातलं, दिवसाचे पाच डोस लावले. पहिला डोस दिल्याची खूण केली आणि कार्ड उघडलं. वर औषधाचं नाव. त्याखाली 'देशिने आकिस', उजवा डोळा. त्याखाली 'काइरे: 4'.

मला अक्षरशः घाम फुटला. इंग्रजीत तिथे 'लेफ्ट: 4' होतं, म्हणजे आज चार डोस राहिलेत. लिथुआनियनमध्ये त्याचं झालं होतं, डावा: 4. सत्तरीच्या माणसाने, एका डोळ्यावर पट्टी असताना, ते काय समजायचं?

इंग्रजीतले हे दोन लेफ्ट मुळात वेगवेगळे शब्द आहेत. बाजूचा लेफ्ट 'दुबळा' अशा अर्थाच्या जुन्या शब्दावरून आला आणि उरलेला लेफ्ट 'लीव्ह'चं रूप. योगायोगाने त्यांचं स्पेलिंग एक झालं. क्लायंटच्या डेव्हलपरचं उत्तर होतं, "दोन्ही स्ट्रिंग (मजकुराचे तुकडे) सारख्याच होत्या, म्हणून एकत्र केल्या." त्यात स्ट्रिंग फ्रीझ झालेलं, म्हणजे मजकूर गोठवलेला, आता काही बदलता येणार नाही, म्हणाले. मी कार्डाचा फोटो पाठवला, खाली इंग्रजीत अर्थ लिहिला आणि फाइली द्यायला नकार दिला. सव्वादहाला नोंदी वेगळ्या करून नवी फाइल आली.

बाईंनी 'लिको' लिहिलं, म्हणजे उरले. लिको ज्या धातूचं रूप आहे त्याचंच नातं आपल्या रिक्तशी आहे. त्यांचं म्हणणं होतं की नुसता आकडा नको, 'लिको 4 दोझेस' असं पूर्ण लिहा. पण तिथे 1 दोझे, 2 दोझेस, 10 दोझ्यू, आणि 21 ला पुन्हा दोझे. इंग्रजी दोन रूपांत भागवते, लिथुआनियनला इथे तीन लागतात. क्लायंटने ते पुढच्या आवृत्तीवर ढकललं. जेमतेम 30 लाखांच्या आसपास लोकांची भाषा, तिच्यासाठी कोण थांबणार? बोललं कुणीच नाही, पण पाच वर्षं हेच बघतेय.

आता यातला मला सर्वांत लागलेला भाग. रात्री अकराला मी बाकीच्या 13 भाषा उघडल्या. सगळीकडे बाजूचाच लेफ्ट होता. हिंदीत 'बायाँ'. मराठीत 'डावा'.

मराठी मी स्वतः केलं होतं. डावा, डावी, डावं, आपल्याकडे तर तीन लिंगं. 'काय लेफ्ट?' हा प्रश्न मला बाईंच्या आधी पडायला हवा होता. शेजारी राइट दिसला, डोळा पुल्लिंगी, 'डावा' लिहून पुढे गेले. वर दोन ओळी मलाही दिसत होत्या.

आणि युरोपातल्या भाषांचं हे पहिलंच प्रकाशन असलं, तरी हिंदी-मराठी आवृत्ती पाच आठवड्यांपूर्वीच लोकांच्या फोनवर गेली होती. आता तिथे 'शिल्लक: 4' आहे. सोमवारी बाईंचा नवा प्रश्न आला, क्लोजच्या वर दोन ओळी आहेत, ॲपची खिडकी की डोळा? खिडकीला 'उझ्दारीती', डोळ्याला 'उझ्मेर्क्ती'. आपल्याकडेही बंद करा आणि मिटा. या वेळी आधी फोन उघडला, मग उत्तर लिहिलं.

त्या पाच आठवड्यांत किती फोनवर मराठी निवडलेली होती, हे मी क्लायंटला तीनदा विचारलंय. "तक्रार आलेली नाही," एवढंच उत्तर येतं. पण तक्रार करायला आधी चूक कळावी लागते. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या कुणा आजींनी कार्डावर 'डावा: 4' वाचलं असेल, तर त्यांनी बाटली उघडून डाव्या डोळ्यात चार थेंब घातले असतील. डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणून.