चार जीबीत बसेल का?

पेन ड्राइव्ह १६ जीबीचा, फाइल १४ जीबीची, तरी कॉपी होईना. पेन ड्राइव्ह फाइली साठवायच्या एफएटी-३२ या जुन्या पद्धतीचा होता आणि तिथे एकच फाइल ४ जीबीच्या वर गेलेली चालत नाही. दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट केला असता तर पाच मिनिटांत प्रश्न मिटला असता. पण माझ्या लॅपटॉपवरही जागेची पट्टी लाल झाली होती. शिवाय खरं सांगायचं तर मला खाज होती.

ती फाइल म्हणजे बाबांचा संगणक. सांगलीला बाबांचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, उत्तरकार्याची कार्डं. दुकान बंद झालं, मशीन भंगारात गेलं, पण हार्ड डिस्कची हुबेहूब नक्कल मी लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा संगणक, म्हणून ठेवली. अजूनही कुणीतरी फोन करतं, "काका, आमच्या वास्तूचा मजकूर आहे का हो तुमच्याकडे?" आणि तो असतो. पानं मांडायच्या पेजमेकरमध्ये, विंडोज एक्सपीवर, त्या काळच्या फाँटमध्ये. दुसरीकडे कुठे तो धड उघडत नाही.

अकरा वर्षांच्या सगळ्या पत्रिका मिळून ६०० एमबीसुद्धा भरल्या नाहीत. मग बाकीच्या तेरा-साडेतेरा जीबीत होतं तरी काय?

आधी मोठे मासे. जुन्या मशीनला रॅम ५१२ एमबी, म्हणून हायबरनेशनची फाइल तेवढीच, ५१२ एमबी. झोपलेल्या मशीनची स्वप्नं ठेवायची पेटी. बाबा रोज रात्री मशीन बंद करून वर प्लास्टिकचं कव्हर घालायचे, ते झोपलं कधी? काढली. रॅम कमी पडली तर लागणारी पेजफाइल रॅमच्या दीडपट, ७६८ एमबी. ती पूर्ण काढायला धजलो नाही, आटवली. सिस्टिम रिस्टोअरला डिस्कचे १२ टक्के राखून ठेवायची सवय, म्हणजे २० जीबीच्या डिस्कवर जवळजवळ अडीच जीबी. मागे जायची सोय म्हणून. २०१४च्या ८ एप्रिलला मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा हात सोडला, त्यानंतर मागे जाऊन करायचं काय?

मग विंडोजच्या फोल्डरात निळ्या अक्षरांतल्या फोल्डरांची रांगच लागली. प्रत्येक अपडेट मागे घ्यायचं झालं तर लागणाऱ्या जुन्या फाइली. अपडेट नको झालं तर, ही शंका धरून ती इतकी वर्षं उभी होती. घालवली.

इथवर मजेत चाललं होतं. हात सैल सुटला. गेम्स गेले, मदतीची पानं गेली, घंटानाद गेले. कॅल्क्युलेटर हाताने उडवला तर पाच सेकंदांत परत हजर! एक्सपी आपल्या महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या फोल्डरात दडवून ठेवते आणि मूळ गेली की गुपचूप आणून बसवते. म्हणजे आधी ते कोठार रिकामं करायचं, मग फाइल. काहीशे एमबी तिथेही निघाले.

एक्सपी उघडल्यावर पडद्यावर दिसणारं हिरव्या टेकडीचं चित्र मात्र ठेवलं. ते दीड एमबीसुद्धा नाही. चार्ल्स ओ'रिअर यांनी १९९६मध्ये कॅलिफोर्नियात टिपलेला फोटो आहे तो. टेकडी इतकी मोकळी दिसते, कारण फायलोक्झेराच्या किडीपायी तिथल्या द्राक्षवेली उपटून टाकल्या होत्या. आमच्या तासगाव भागातल्या कुणालाही हे सांगा, तो त्या चित्राकडे पुन्हा पूर्वीसारखं बघणार नाही.

मग आली फाँटची पाळी. एक्सपीत देवनागरी चालवायची तर सेटिंगमधल्या एका चौकटीत खूण करावी लागे, तिला १० एमबी पुरत. शेजारची खूण चिनी, जपानी, कोरियनची, तिला २३०. इन्स्टॉल करणाऱ्या पोराने दोन्ही करून ठेवल्या होत्या. दुसरी काढली आणि त्याच झपाट्यात, नुसते आकडे नावात असलेले, ओळखीचे न वाटणारे वीसेक फाँटही पुसले. वाचले किती? दोन एमबी असतील.

पडताळा म्हणून एक पत्रिका उघडली. वधूपित्याच्या जागी डोक्यावर टोपी घातलेले ए, शेपटीवाले सी आणि पौंडाच्या खुणा. गणपती तेवढा जागेवर होता. त्या काळचे मराठी फाँट म्हणजे बहुरूपी. संगणकाच्या लेखी आत रोमन अक्षरंच, फाँट त्यांच्यावर मराठीचं सोंग चढवतो. मी सोंगांची पेटीच फेकून दिली होती. नशीब, मूळ हार्ड डिस्क भंगारवाल्याला न देता कपाटात जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवली होती. ती जोडली, फाँट परत आणले, वधूपिता परतले.

एवढं सगळं करून आत मोकळी जागा भरपूर, आणि बाहेरून फाइल? १४ जीबीच. डिस्कवरची फाइल पुसतात म्हणजे यादीतलं तिचं नाव काढतात, मजकूर जागचा हलत नाही. व्हर्च्युअल डिस्क फुगते आपोआप, आटत नाही. तिला पटवायचं तर रिकाम्या जागेवर नुसती शून्यं लिहायची. त्यासाठी एक इवलासा प्रोग्रॅम मिळतो. तो चालू केला आणि तासभर मी शून्यं लिहिली जाताना बघत बसलो. बायको येऊन म्हणाली, "काय चाललंय?" म्हटलं, "काही नाही लिहितोय." ती गेली. मग बाहेरून आवळायची आज्ञा दिली.

३.४ जीबी.

पेन ड्राइव्ह घेऊन सांगलीला गेलो. बाबांच्या नव्या लॅपटॉपवर मशीन चढवलं, टेकडी उगवली. बाबांनी चष्मा नीट केला, माउस हातात घेतला. मला वाटलं, पेजमेकर उघडतील. ते स्टार्टवर गेले, प्रोग्रॅम्स, गेम्स, आणि थांबले.

"पत्ते कुठे गेले रे?"

सॉलिटेअरची फाइल साठ केबीचीही नसते. घरी परतल्यावर मी मुकाट्याने कपाटातली बनियनची गुंडाळी काढली.