ग्रुप फोटोत मी आधी माझं नाक बघते

ग्रुप फोटो आला की मी पहिलं काम काय करते तर स्वतःला शोधून झूम करते. कोण कसं आलंय, किती मजा केली होती, ते सगळं राहतं बाजूला आणि दिसतं फक्त माझं नाक, मधे उंचवटा असलेलं, थेट बाबांचं. मग कपाळावरचे पिंपल्स, मग वरच्या ओठावरची लव, असं करत करत मूडची पार वाट लागते.

घरचे म्हणतात अगं किती छान दिसतेस, मावशी तर शपथेवर सांगते. त्यांचं प्रेम कळतं मला, पण त्याने फार फरक पडत नाही, कारण विषय परत माझ्या दिसण्यावरच येतो आणि मी परत आरशासमोर जाऊन चेक करते की हे लोक खरं बोलतायत का.

त्यापेक्षा हे सगळं होतं कसं ते वाचून जास्त बरं वाटलं. सेल्फी काढताना फोन चेहऱ्यापासून जेमतेम हातभर लांब असतो, नाक त्याच्या सगळ्यात जवळ आणि कान मागे, त्यामुळे नाक फुगूनच येतं. २०१८ मध्ये यावर संशोधन छापून आलं होतं, १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसतं म्हणे. म्हणजे जे नाक बघून मी रडले ते तेवढं मोठं नव्हतंच! आणि आरशात आपण उलटे दिसतो, डावं ते उजवं, त्याच चेहऱ्याची डोळ्यांना सवय झालेली असते म्हणून दुसऱ्याने काढलेल्या फोटोत आपण आपल्यालाच विचित्र वाटतो. बाकीच्यांना मात्र तोच चेहरा ओळखीचा असतो.

पिंपल्सचं पण तेच. या वयात हार्मोन्समुळे त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी जास्त काम करतात, छिद्रं बुजतात आणि पुटकुळी येते. "तोंड नीट धूत जा" म्हणणाऱ्या सगळ्यांना मला हे एकदा बसवून सांगायचंय, कारण मी धुते, दोनदा धुते, आणि खसाखसा घासलं तर उलट जास्त लाल होतं.

अर्थात एवढं सगळं माहीत असूनही एखाद्या सकाळी आरशात बघून घराबाहेर पडू नये असं वाटतंच. माहितीने ते जात नाही.

खरा फरक पडला तो मैत्रिणीमुळे. आम्ही दोघी एकाच फोनवर एकच फोटो बघत होतो, मी माझ्या नाकावर झूम करणार तेवढ्यात ती म्हणाली, शी, माझे दात बघ ना कसले आलेत. मी बघितलं, परत बघितलं, एक दात जरासा पुढे आहे. इतकी वर्षं रोज भेटतो, तासन्‌तास बोलतो, मला तो दात कधी दिसलाच नव्हता, आणि ती मात्र त्याच्यासाठी प्रत्येक फोटोत ओठ मिटून उभी राहते. मी तिला नाकाचं सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली, कुठलं नाक, काय झालंय नाकाला?

मला माझं नाक आता आवडायला लागलंय असं नाहीये हं. पण ते आवडलंच पाहिजे हा हट्ट मी सोडलाय, त्याने खूप हलकं वाटतं. हसताना तोंडावर हात जायचा तो हल्ली बऱ्याचदा जात नाही. वर्गात बोलायला उभी राहिले की कोणत्या बाजूने कशी दिसत असेन याच्याऐवजी काय बोलायचंय ते डोक्यात असतं, निदान पहिली दोन वाक्यं तरी.

आणि एक, कुणाला जर आरशासमोरून हलताच येत नसेल, जेवण टाळणं, शाळा बुडवणं, लोकांना भेटणं बंद असं होत असेल तर ते "वयात असं होतंच" म्हणून सोडून देऊ नका. त्यावर उपचार असतात. घरात ज्याच्याशी बोलता येतं त्याला सांगा आणि डॉक्टरकडे किंवा काउन्सेलरकडे जा, प्लीज.