ओव्यांचा कंदील: पीडीएफमधून चित्रं निघाली, आता कागदाची पाळी

यंदाच्या कंदिलाचं काम निम्म्याच्या पुढे सरकलंय. षट्कोनी कंदील, प्रत्येक बाजूवर आत्याने गावाकडच्या बायकांकडून उतरवून घेतलेली एकेक जात्यावरची ओवी आणि भोवती वेलबुट्टीची चौकट. कामट्या तासून कोपऱ्यात उभ्या आहेत, त्यांच्याबद्दल पुढच्या वेळी. आज फक्त संगणकावरचं काम सांगते, कारण सगळा वेळ तिथंच गेला. वापरलं ते सगळं फुकट आणि मुक्त: पॉपलर (पीडीएफ हाताळणाऱ्या कमांडचा संच), गिंप (चित्रं सुधारायला), इंकस्केप (रेघांची चित्रं करायला).

ओव्यांची फाइल फार पूर्वी एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेली, युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये. तसली वर्डची फाइल आज उघडली की काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. फॉन्ट नसला की रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांची नुसती खिचडी. नशिबाने सोबत पीडीएफही होती. पीडीएफच्या आत फॉन्ट बसवलेला असला, की तो आपल्याकडे असो-नसो, अक्षर जसंच्या तसं दिसतं. बसवलाय का हे बघायला पॉपलरमध्ये पीडीएफफॉन्ट्स नावाची कमांड आहे. तिच्या 'एम्ब' या रकान्यात 'येस' दिसलं की निर्धास्त. मजकूर मात्र तिथून कॉपी करायच्या भानगडीत पडू नका, पेस्ट केल्यावर पुन्हा तोच गोंधळ. नव्याने टाइप करायचं नसेल तर पानाचं चित्र करणं हाच सरळ रस्ता.

चित्र करण्याआधी पट्टी घ्या. बरेच जण आधी पीडीएफचं चित्र करतात आणि मग ते कागदावर ओढून-ताणून बसवतात, तिथंच अक्षर फाटतं. माझी एक बाजू १८० गुणिले १३५ मिलिमीटर. हे माप घेण्याचं कारण एवढंच की ए-फोर कागदावर (२१० गुणिले २९७) अशा दोन बाजू आडव्या, एकाखाली एक बसतात आणि प्रिंटरला कडेला जागा उरते. सहा बाजूंना तीन कागद. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) हीच बाजू साधारण २१२६ गुणिले १५९४ पिक्सेल होते. हा आकडा कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलाय. यापेक्षा लहान चित्र हाती आलं तर ते ताणायचं नाही, पुन्हा मूळ पीडीएफमधून काढायचं.

काढायला पॉपलरचीच पीडीएफटूपीपीएम ही कमांड. तिच्यात रिझोल्युशन (म्हणजे डीपीआय) ३००, प्रकार पीएनजी, सुरुवातीचं पान आणि शेवटचं पान एवढं सांगितलं की प्रत्येक पानाची वेगळी फाइल पडते, नावापुढे आकडा लावून. टर्मिनलची (कमांड टाइप करायच्या खिडकीची) धास्ती असेल तर गिंपमध्ये पीडीएफ उघडा, तो उघडतानाच रिझोल्युशन विचारतो. तिथं आयता येणारा आकडा न बघता 'इंपोर्ट' दाबू नका. इमेजमॅजिक या चित्रं बदलणाऱ्या साधनाने करायला गेलात तर उबुंटूवर 'परवानगी नाही' असा निरोप येण्याची शक्यता आहे. पीडीएफ वाचायला ते ज्याची मदत घेतं त्या घोस्टस्क्रिप्टमधल्या सुरक्षेच्या त्रुटींमुळे २०१८ पासून तिथं पीडीएफ वाचणं बंद ठेवलेलं असतं. नेटवर ती सेटिंग फाइल बदलायचे सल्ले खूप मिळतात. पॉपलर हाताशी असताना मला त्याची गरज वाटत नाही.

प्रकार पीएनजीच का? चित्र दाबून साठवणाऱ्या जेपेगबद्दल माझं मत कडक आहे. फोटोला ठीक, रेघेला नाही. काळ्या अक्षराच्या कडेला जे करडे ठिपके उमटतात ते पडद्यावर नजरेआड होतात, पण मागून दिवा लागल्यावर चांगले दिसतात.

चौकटीची गोष्ट वेगळी. ती स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये होती, म्हणजे आत मुळातच एक चित्र. अशा पानाचं पुन्हा चित्र करण्यात अर्थ नाही. पीडीएफइमेजेस ही कमांड आतलं मूळ चित्र, ना लहान ना मोठं, जसंच्या तसं बाहेर काढते. मग गिंपमध्ये थ्रेशोल्ड लावून (सगळं नुसतं काळं-पांढरं करून) कागदाचा पिवळेपणा घालवला आणि इंकस्केपच्या ट्रेस बिटमॅपने त्या ठिपक्यांची सलग रेघ केली, कापायला. इथं स्कॅन जितका मोठा तितकी वेल गुळगुळीत, त्यामुळे नव्याने स्कॅन करणार असाल तर ६०० डीपीआय ठेवा. फक्त सगळंच ६०० वर नेऊ नका. ए-फोरचं एक पान ४९६० गुणिले ७०१६, म्हणजे जवळजवळ साडेतीन कोटी पिक्सेल होतं आणि जुना लॅपटॉप धापा टाकतो. ट्रेस झाल्यावर धुळीचे ठिपकेही आकार होऊन बसतात. 'स्पेकल्स' वाढवून बरेच जातात, उरलेले हाताने.

वेलीसारख्या ओव्याही कागदातून कापूनच काढायच्या असं आधी मनात होतं. इंकस्केपमध्ये पीडीएफ आणताना पॉपलर-कैरो हा पर्याय निवडला की अक्षरं आकार म्हणून येतात, फॉन्ट लागत नाही, त्यामुळे तांत्रिक अडचण काहीच नव्हती. अडचण देवनागरीची. व, ब, ष यांच्या पोटातला तुकडा कापल्याबरोबर खाली पडतो, त्याला धरायला बारीक जोड ठेवावे लागतात. आणि शिरोरेघ! ओळभर सलग कापली की कागदाला लांबच लांब चीर पडते आणि वरचा भाग लोंबायला लागतो. शिरोरेघ शब्दाशब्दाला, मध्येही एखाद्या ठिकाणी तोडून बघितली. टिकते, पण वाचताना डोळा अडखळतो. दोन-तीन शब्दांच्या शुभेच्छेला चालेल. ओवीला नाही. म्हणून वेल कटरने कार्डशीटवर कापायची आणि ओवी मागच्या ट्रेसिंग पेपरवर छापायची असं ठरलं.

छापील बाजू आतल्या अंगाला ठेवणार आहे, बाहेरच्या दमटपणाने आणि बोटांनी खराब होऊ नये म्हणून. त्यासाठी चित्र आरशातल्यासारखं उलटं हवं. गिंपमध्ये 'फ्लिप हॉरिझॉन्टली', इमेजमॅजिकमध्ये 'फ्लॉप'. तिथलं 'फ्लिप' चित्र डोक्यावर उभं करतं, एवढं लक्षात ठेवा.

झेरॉक्सच्या दुकानात चित्र दिलं की तिथला मुलगा ते पानभर ताणून छापतो, म्हणून चित्रांची परत पीडीएफ केली. पीडीएफ फोडून पुन्हा पीडीएफ, हसू आलं तर हसा. आयएमजी-टू-पीडीएफ हे छोटं साधन पीएनजी न दाबता आत ठेवतं, पण पारदर्शक थर असलेलं चित्र ते घेतच नाही. इंकस्केपमधून निघालेल्या पीएनजीची पार्श्वभूमी आयती पारदर्शकच असते, तेव्हा आधी गिंपमध्ये 'फ्लॅटन इमेज'. पानाच्या कोपऱ्यात ५० मिलिमीटरची एक रेघ टाकलीय. छापताना 'फिट टू पेज' काढून 'ॲक्च्युअल साइझ', आणि पहिला कागद हातात आला की रेघेला पट्टी लावायची. व्हॉट्सॲपवरून फाइल पाठवणार असाल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलेलं चित्र वाटेत दाबलं जातं.

साध्या कागदावरची चाचणी झाली, रेघ बरोबर ५० भरली. ट्रेसिंग पेपर लेझरवरच छापणार. घरच्या इंकजेटची शाई त्यावर वाळता वाळत नाही आणि बोट लागलं की फराटा. लेझरच्या उष्णतेने पातळ कागद गुंडाळतो, म्हणून जरा जाड घेतलाय.

पाच बाजूंच्या ओव्या चौकटीत बसल्या. सहावीच्या ओळी लांब आहेत, अक्षर लहान केलं तर अंगणातून वाचता येणार नाही आणि ओळ मध्येच तोडली तर यमक हरवतं. सध्या तिच्यापुरती चौकटीची वेल अरुंद करून बघतेय. कुणी असा लांब मजकूर कंदिलावर बसवला असेल तर कसा, ते सांगा.